वर्षातले छत्तीस दिवस

वडील : नव्वद टक्के म्हणजे काय गं? एवढंच समजाव, मग मिटव तुझा अहवाल.

मुलगी : सगळ्या गावाला समजलं बाबा, तुम्हीच अडून बसलाय. अणुभट्टी वर्षातले नव्वद टक्के दिवस चालणार. तिच्या वाफेवर समुद्राचं पाणी गोडं होणार. ते केवढ्याला पडेल, ते हे सॉफ्टवेअर काढतं.

वडील : आणि उरलेले छत्तीस दिवस?

मुलगी : भट्टी बंद. इंधन बदलायला.

वडील : सलग?

मुलगी : हो, सलगच.

वडील : टाकी किती दिवस पुरेल?

मुलगी : तीन. पण सॉफ्टवेअर वर्षाची सरासरी धरतं ना...

वडील : सरासरीनं तहान लागते का कुणाला? तीस वर्षं पंप चालवला मी. पंपघराच्या भिंतीवर काय लिहायचो?

मुलगी : पंप बंद पडल्याच्या तारखा.

वडील : चालू दिवसाची एक रेघ मारली नाही कधी. चालू असताना कोण विचारतंय! तुझ्या त्या सॉफ्टवेअरला बंद दिवसांचं काही कळतं की नाही?

मुलगी : कळतं. भट्टी बंद असताना वाफ द्यायला जोडीला वेगळा बॉयलर धरायचा, त्याचा एक चौकोन आहे. तिथं खूण केली की तो खर्च मिळवतं.

वडील : दाखव बरं.

(ती लॅपटॉप त्यांच्याकडे वळवते.)

वडील : हा तर रिकामा आहे.

मुलगी : नमुन्याच्या फाइलीत आपले आकडे भरले मी. तिच्यात तो रिकामाच होता. राहून गेलं.

वडील : राहून गेलं?

मुलगी : असं बघू नका हो माझ्याकडे.

वडील : मी चष्मा पुसतोय.

मुलगी : दिसलं होतं मला. खूण करून पाहिली, तर पाणी दीडपट महाग. प्रकल्प बारगळला असता. एवढं मोठं काम पहिल्यांदाच माझ्या हाती आलं होतं, बाबा. काढून टाकली खूण. म्हटलं, पुढं कुणीतरी बघेल.

वडील : उद्या गाव आपल्या विहिरींची जमीन प्रकल्पाला लिहून देतंय.

मुलगी : माहीत आहे.

वडील : त्याच्या संमतीच्या कागदावर पहिली सही माझी. ग्रामसभेत लोक कां कूं करत होते. मी उठून म्हणालो, हिशोब माझ्या पोरीनं केलाय, डोळे मिटून सह्या करा.

मुलगी : ओरडा ना माझ्यावर. काहीतरी बोला.

वडील : ओरडून काय होणार? पंचायतीत जाऊन सही मागे घेतो.

मुलगी : काय सांगणार?

वडील : म्हातारा झालो, विचारायचं विसरलो म्हणेन.

मुलगी : तुम्ही? पंपघरातला माणूस हे विसरेल? हसतील सगळे.

वडील : हसू देत. तुझं नाव नाही काढणार.

मुलगी : थांबा. ही बघा, केली खूण. आता जो आकडा आलाय, तो खरा. मी येते. मीच सांगते.

वडील : नोकरीवरून काढतील.

मुलगी : भीती वाटतेय मला, बाबा.

वडील : मलाही वाटतेय. चप्पल घाल, ऊन आहे बाहेर.