अंजीर दाखवणारा

...न्हाई, पण मी म्हणतो सोपानरावच का? आमच्या तळेगावच्या सोसायटीची निवडणूक लागली, पॅनलमधी एकच जागा उरली, आन् चेअरमनसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बघावं तवा सोपानराव. मी जळत न्हाई हां, निस्तं सांगतोय. पण करतो काय तो? साहेब शिंकले की ह्याचं आपलं, "वा साहेब, काय दमदार शिंक!" आता शिंकंत कसला आलाय दम? आन् साहेब खूश.

परवा माझी भाची आलती, तेजश्री, पुण्याला इंग्रजीत एम्ए करती. तिनं ह्यो तमाशा बघितला आन् म्हणाली, "मामा, ह्याला सिकोफंट म्हणतात." मला वाटलं, झालं, ह्याला पदवीबी मिळाली. तर म्हणती, "अहो, लाळघोट्या. मूळ ग्रीक शब्द. सिकॉन म्हणजे अंजीर. अंजीर दाखवणारा. कुणी म्हणतं, चोरून अंजीर नेणाऱ्यांची चुगली करायचा तो. नक्की कुणालाच ठाऊक नाही. शब्दाचा अर्थ आधी चुगलखोर, मग झाला मोठ्यांची थुंकी झेलणारा."

आता मला सांगा, ह्या शिवारात अंजिराची बाग कुणाची? माझी. शेणखत मी घालायचं, पाखरं मी हाकायची, आन् अंजिराचा किताब सोपानरावाला? ज्याच्या रानात निस्ता ऊस? मी जळत न्हाई हां... आमची कारभारीण रतनबाई म्हणती, "मग ताटावरनं का उठलाय?"

म्हणलं, बास. दाखवायचंच हाय तर आपुनबी अंजीर दाखवू. निवडून निवडून पाटी भरली, वर पानं झाकली, गेलो साहेबांच्या बंगल्यावर. शेजारी कोण, ते सांगायला पायजे का? साहेबांनी एक अंजीर तोंडात टाकलं, डोळं मिटलं, मी आपला "साहेब, ती पॅनलची जागा..." म्हणणार, तेवढ्यात सोपानराव म्हणतो, "साहेब, तुमचा हात लागला म्हणून गोड झालं."

आन् तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं?

"व्हय व्हय साहेब, झाडावर तर आंबटच व्हतं."

पोटच्या पोरागत वाढवलेली बाग हो... लाज वाटली मला. साहेब पोट धरून हसले, जागा सोपानरावाला दिली. पण मलाबी मोकळं न्हाई धाडलं, त्याच्या प्रचाराचा प्रमुख केलं. आता गावभर फिरून सांगायचंय, सोपानरावासारखा माणूस शोधून सापडायचा न्हाई. मी जळत न्हाई हां. बसा, च्या घ्या... आन् मत तेवढं त्यालाच द्या.