बिनशिवणीचं कापड

सीताबर्डीच्या टॉकीजसमोर, मॅटिनीच्या रांगेत, माझ्यामागे एक पेंटर आणि त्याची बायको उभे होते. दोघं वर टांगलेलं कापडी पोस्टर पाहत होते.

“तुमची हिरोईन नेहमी आभाळाकडंच काहून पाह्यते हो?”

“तुह्यामुळं, प्रेमिला.”

“मी काय केलं?”

“कापडाचे पट्टे तू जोडते. शिवण बरोबर डोळ्यावर येते, तिथं रंग फुटते. म्हणून मी बुबुळं जराशी वर सरकवली. मंग हाताले तीच सवय लागली.”

“लोक म्हणतात, ही बाई जागेपणी सपन पाहून राहिली.”

“ऊन कललं का मलेही वाटते, आता ही उडून जाईल.”

“पण हे कापड तं मालकानं रुंद आणलं. मले शिवाले दिलंच नाही.”

“हो. अखंड आहे.”

“मंग ही काहून वर पाहून राहिली?”

“डोळे जमूनच नाही राहिले, वं. काढले, पुसले, पुन्हा काढले.”

“मंग?”

“मंग खडूनं तुही शिवण आखली. तू मारते तशीच, वाकडी. तवा जमले.”

“पुसली का मंग ती रेघ?”

“काहून पुसू? रंगाखाली आहे.”