एका प्लॉटवर एकच स्वयंपाकघर

—दोष माझ्या बापाचा आहे साहेब, हे आधी डोक्यात घ्या आणि मग लावा तुमची टेप भिंतीला. नगरपालिकेला शिव्या घालायला मलाही आवडतं, पण यात तुमचं ऑफिस दुसऱ्या नंबरवर. हां, इथेच होता ओटा. ही टाइल उजळ दिसते ना, तेवढाच. सिंकचा पाइप कापून वर सिमेंट थापलंय, बोट लावून बघा, तेही काम धड नाही. मागच्या या दोन खोल्या, वेगळं दार, वेगळं न्हाणीघर — आई गेल्यावर ताई, दाजी आणि त्यांची पोरगी इथे राहायला आले होते. पुढच्या घरात बाबा आणि मी.

आणि तो नियम तुमच्याच जुन्या आराखड्यातला, एका प्लॉटवर एकच स्वयंपाकघर. दुसरं स्वयंपाकघर म्हणजे दुसरं घर, दुसरं घर म्हणजे भाडेकरू, भाडेकरू म्हणजे गर्दी, गाड्या, पाण्याची बोंब. ही साखळी कुणी जोडून दिली तुम्हाला? आमच्या पिताश्रींनी. रहिवासी संघाचे अध्यक्ष. रिटायर झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी चालायला जातं, यांनी वसाहत वाचवायला घेतली. कुणापासून? माझ्या वयाच्या माणसांपासून. वाचली. आता या गल्लीत संध्याकाळी उभे राहा, तिशीच्या आतलं माणूस दिसलं तर मला हाक मारा.

स्वतःच्या घरात दुसरा ओटा असताना हा शहाणपणा कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. नाही आलं? मी असतो तर विचारलं असतं. त्यांचं म्हणणं, पोरगी म्हणजे काय भाडेकरू? तिचा ओटा मोजायचाच नाही. ढोंग नव्हतं हो, मनापासून वाटायचं त्यांना तसं — त्याचीच जास्त चीड येते.

मग त्या आराखड्याची सुनावणी. हॉल गच्च, सगळी पांढरी डोकी. शेजारच्या मॅनेजरकाकांना गच्चीवर खोल्या काढून भाड्याने द्यायच्या होत्या, बाबांनी हरकत घेतलेली. काका उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अध्यक्षमहाराज, तुमच्या मागच्या अंगाला गॅस कुणाचा पेटतो?" हॉल हसला. माणूस असा पकडला गेला की खोकतो, पाणी पितो, खाली बसतो. माझा बाप ताठ उभा राहिला. म्हणाला, "उद्या काढून टाकतो. नियमाची सुरुवात माझ्या घरापासून." टाळ्या साहेब, कडकडून. तुमचे मोठे साहेबसुद्धा वाजवत होते. ताई मागच्याच रांगेत, पोरगी मांडीवर झोपलेली. तिला विचारलं नाही, वळून बघितलंसुद्धा नाही. टाळ्या संपायच्या आत ती पोरीला खांद्यावर टाकून बाहेर पडली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, अगं, पुढे येऊन जेवत जा, घर का वेगळं आहे? ताई म्हणाली, "बाबा, मी पंगतीला नव्हते आले, राहायला आले होते." बस. भांडण नाही, आदळआपट नाही. दाजींनी दुसऱ्या गावी बदली मागून घेतली, टेम्पो आला, सामान गेलं.

मी? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. कॉलेज सोडलं, हो, मधेच. तेव्हा पुढच्या घरात जे प्रवचन सुरू झालं ते काही संपेना, आणि ताईने याच दारात विचारलं, "जेवलायस का? बाकीचं उद्या सांग." तो उद्या तिने कधी काढलाच नाही. रोज दुकानातून सुटलो की इथेच—

खिडकी राहिली मापायची. मोजा की, घाई काय आहे? आता नव्या आराखड्यात तुम्हीच म्हणता, दुसरं स्वयंपाकघर चालेल, तरुणांना घरं मिळत नाहीत. उशिरा का होईना, सुचलं. म्हणून अर्ज केला. — मालक? असतील पुढे, पेपर वाचत. त्यांना कशाला उठवता, सही आहे की अर्जावर. — वेगळी दिसते? तशीच करतात ते. — बरं, मी केली. प्रगतिपुस्तकापासून करतोय, हात बसलाय.

ताईला? नाही, ताईला अजून काही माहीत नाही. ओटा झाला की फोन करणार होतो. आधी विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर मग ओटा कुणासाठी बांधायचा, तुम्हीच सांगा.

समोर सही लागेल म्हणता. मग राहू द्या. ते करायचे नाहीत. केली तर त्या टाळ्या परत द्याव्या लागतील. — नाही, मी नाही विचारणार. आमचं बोलणं नाही. त्यांचं जेवण झालं की ते ताटावर चमचा वाजवतात, मी जातो, जेवतो, ताट घासून ठेवतो.

लिहा, मालकाची संमती नाही. खोटं नाही त्यात काही. आणि या आता. मागच्याच दाराने जा, त्यांनी हटकलं तर मीटर बघायला आलो होतो म्हणा. — माझं नाव कशाला? नको, तेवढी जागा कोरी सोडा. ताई गेल्यापासून या घरात ते कुणी उच्चारलेलं नाही.