काढलेला परिच्छेद

सदाशिव पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात मी बायोडेटा टाइप करून घ्यायला थांबलो होतो. माझ्याआधी एक गृहस्थ दिवाळी अंकाची कथा घेऊन बसले होते.

"आम्रपालीताई, तिसऱ्या पानावरचा नदीचा परिच्छेद काढून टाका."

"का हो घाणेकर? चांगला आहे की."

"चांगला आहे म्हणूनच शंका येते. आमच्या सरांच्या वळणाचा वाटतो. वीस वर्षं त्यांच्याकडे जातोय, काय काय अंगात मुरलंय कळत नाही."

"सर म्हणजे वारज्याचे आगटे सर?"

"तेच. लोक म्हणतील, शिष्यानं उचललं."

"गंमतच आहे. त्यांची कथाही माझ्याकडेच असते. परवा त्यांनीसुद्धा एक परिच्छेद काढायला लावला."

"का?"

"म्हणाले, हा आमच्या घाणेकरच्या वळणाचा झालाय."

"सर असं म्हणाले?"

"अगदी असंच."

"कसा होता हो?"

"छान होता. बाजार उठल्यानंतरच्या शांततेचा."

"कॉम्प्युटरमध्ये आहे अजून?"

"जुन्या फाइलमध्ये असेल. तुमचा नदीचा काढू ना मग?"

"काढा. आणि त्या जागी सरांनी काढलेला घाला."