खिशातला डबा

माईकवाली : हलू नका साहेब, माईकचा सेल उतरलाय. ब्रेक संपायला तीन मिनिटं आहेत. खिशातला डबा द्या. तो चालूच राहिला होता.

अभियंता : चालू म्हणजे?

माईकवाली : तुम्ही फोन घेऊन जिन्यात गेलात, तेव्हाही. वायर नसते ना, अंगावर माईक आहे हेच माणूस विसरतो. एरवी पाहुणा उठला की मी आधी डबा बंद करते. आज नवा सेल शोधण्याच्या नादात राहून गेलं. चूक माझी.

अभियंता : भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं, आता कोटालाही फुटले म्हणायचे! बाहेर गेलं काही?

माईकवाली : नाही. इथून आवाज खाली केला होता. फक्त माझ्या हेडफोनमध्ये आलं.

अभियंता : काय आलं?

माईकवाली : वहिनींना सांगत होतात ते. रखवालदारानं पुलाचा तडा तुम्हाला दाखवला होता. दोनदा.

अभियंता : हळू बोला हो!

माईकवाली : मी हळूच बोलते साहेब. आणि ब्रेकआधी तुम्ही साऱ्या जगाला सांगितलंत, त्यानं कळवलंच नाही म्हणून.

अभियंता : रेकॉर्ड झालंय?

माईकवाली : नाही.

अभियंता : मग तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार, बाई?

माईकवाली : कुणीच नाही. आणि मी सांगणारही नाही. माझ्या चुकीनं कानावर पडलेलं चव्हाट्यावर कशी मांडू?

अभियंता : मग मला कशाला ऐकवताय?

माईकवाली : तो कोठडीत आहे. सकाळी त्याची बायको याच खुर्चीत बसली होती. माईक लावताना मला विचारते, "ताई, खरं बोलणाऱ्याचा आवाज हे मोठा करतं का?"

अभियंता : मग तुम्ही काय म्हणालात?

माईकवाली : म्हटलं, सगळ्यांचा सारखाच.

अभियंता : तीन माणसं गेलीत त्या पुलावर. मी तोंड उघडलं तर त्याच्या जागी मी आत जाईन. कळतंय का तुम्हाला?

माईकवाली : कळतंय. घोटभर पाणी घ्या. एक मिनिट राहिलं.

अभियंता : हा बंद कसा करतात?

माईकवाली : बाजूला बटण आहे. दाबलंत तर आवाज जाणार नाही. मी अडवणार नाही तुम्हाला.

अभियंता : खिशात ठेवला तर हात जातोच तिथे.

माईकवाली : वीस सेकंद, साहेब. कुठे लावू?

अभियंता : पाठीला लावा, ताई. माझा हात पोचणार नाही असा.