आमच्या कोकणकड्यापुढे हे काय!

आमच्या ह्यांची खोड ठाऊक आहे ना? अबुधाबीत इतकी वर्षं काढली, पण काहीही दाखवा, ह्यांचं आपलं एकच: "आमच्या कोकणकड्यापुढे हे काय!"

एका शुक्रवारी आम्ही रास अल खैमाच्या डोंगरात वादी चालायला गेलो. वादी म्हणजे कोरड्या नदीची घळ. सुरुवातीला नुसता कोकणकडाच ऐकला. मग घळ इतकी अरुंद झाली, की हात पसरले तर दोन्हीकडचे कातळ हाताला लागत. वर बघून मान दुखायला लागली, तरी कडा संपेना. वाराही नव्हता. ह्यांनी वाकून बूट काढले.

"तूही काढ गं," हे लेकीला कुजबुजले.

"बाबा, व्हाय आर यू व्हिस्परिंग?"

"गाभारा आहे हा."

परतताना गाडीत कोकणकड्याचं नावही निघालं नाही. म्हटलं, चला, खोड गेली एकदाची!

पुढच्या सुट्टीत मित्रांनी ह्यांना हौसेने कोकणकड्यावर नेलं. हे काठावर पालथे पडून बराच वेळ खाली बघत राहिले. मग उठले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "छान आहे. पण आमच्या वादीपुढे हे काय!"