रत्नाक्काचे उइघूर

इथं जमलेल्या माझ्या माणसांनो,

मिलिंदभाऊंचा सकाळी फोन आला. म्हणाले, "गिरिजाताई, पहिलं तुम्ही बोला." मी व्हय म्हणाले. माझा जन्म वर्गात बोलण्यात गेला. पण आत्ता इथं उभी राहिले आणि पहिलं वाक्यच सापडंना. समोर अक्काचा फोटो, फोटोला हार, आणि मी तिच्याविषयी 'होती' म्हणायचं. थांबत थांबत बोलेन, सांभाळून घ्या.

उदगीरहून, बीदरहून काही मंडळी आलीत, त्यांच्यासाठी सांगते. मी गिरिजा बिरादार. भालकीच्या कॉलेजात मी कन्नड शिकवलं आणि रत्नाक्कानं इतिहास. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मी लिंगायताच्या घरची, ती बौद्ध घरची. मी रुजू झाले त्या दिवशी दुपारी तिनं डबा उघडला आणि आमच्या दोघींच्या मधोमध ठेवला. 'चालंल का' असं विचारलं न्हाई. मीही विचारलं न्हाई. ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी होती. तिथून आमचं बहीणपण सुरू झालं.

आता अक्का म्हटलं की उइघूर आलेच. कॉलेजातली पोरं माघारी तिला 'उइघूर मॅडम' म्हणायची. तिला ठाऊक होतं. एकदा एका पोराच्या तोंडून तिच्यासमोरच निसटलं, पोरगं घाबरलं. अक्का म्हणाली, "अरे, घाबरायलास कामून? नाव बरोबर घेतलास. बाकीच्यांना तेवढंबी येत न्हाई."

कोण हे उइघूर? चीनच्या पार पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेनं राहणारे तुर्की भाषेचे लोक. आमची अक्का भालकीची. तिचा आणि त्यांचा संबंध काय? हा प्रश्न तिला आयुष्यभर लोकांनी विचारला. मीच पहिल्यांदा विचारला.

तिनं सांगितलं ते असं. कलबुर्गीला एम.ए. करताना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात तिला एक चित्र दिसलं. तुर्फानजवळच्या लेण्यातलं भित्तिचित्र. उइघूर राजघराण्यातली माणसं. लांब झगे, डोक्यावर उंच टोप्या, आणि प्रत्येकाच्या हातात एक फूल. बुद्धासमोर रांगेनं उभी. अक्का म्हणाली, "गिरिजा, मी आमच्या विहारात लहानपणापासून माणसं तशीच उभी राहिलेली बघितली गं. पण ती आमच्यासारखी. शेतात राबणारी, पायात चप्पल नसलेली. राजे तसे उभे असलेले मी कधी बघितले नव्हते. मला वाटलं, हे कोण? आणि ह्यांचं पुढं काय झालं?"

'पुढं काय झालं?' या एका प्रश्नापायी ती पीएच.डी.ला बसली. बरेच जण म्हणाले, बाई, बहामनी घे, बीदरचा किल्ला घे, दारात आहे, खर्च न्हाई. तिनं ऐकलं न्हाई. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या विद्वानांनी विचारलंच, "बीदर जिल्ह्यातल्या बाईंचा उइघूरांशी संबंध काय?" अक्का शांतपणे म्हणाली, "सर, आपल्या बहामनी सुलतानांवर युरोपातले लोक पुस्तकं लिहितात. त्यांना आपण संबंध विचारतो का?" ते गृहस्थ हसले आणि पुढच्या प्रश्नाला गेले. हे मला तिनं सांगितलं न्हाई हं. बाहेर बाकावर मी बसले होते. दार उघडं होतं. मी माझ्या कानानं ऐकलं, आणि आजसुद्धा सांगताना माझी छाती फुगायली.

बरं, अभ्यास म्हणजे कसा? आजचे उइघूर त्यांची भाषा अरबी वळणाच्या अक्षरांत लिहितात. म्हणून अक्का आमच्या गल्लीतल्या हमीदचाचांकडं गेली. चाचा टेलर. मशीनवर बसून तिला अलिफ, बे शिकवायचे. चाचा आज समोर बसलेत. चाचा, तुम्हाला फीबद्दल विचारलं की तुम्ही काय म्हणायचे, आठवतंय? "नक्को बेटी, हरफां के पैसे कोन लेता?"

आता मी जे सांगणार आहे ते मिलिंदभाऊंना विचारून सांगते. ते म्हणाले, "सांगा. सगळं सांगा."

मिलिंदभाऊ म्हणजे अक्काचे धाकटे भाऊ. आपल्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष. त्यांना बहिणीचा लई अभिमान. एका वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी ते तिच्याकडं आले. मी तिथंच चहा पीत बसले होते. म्हणाले, "अक्का, यंदा व्याख्यान तुझं. उइघूरांचे बौद्ध राजे. लोकांना कळू दे, आपला धम्म कुठवर गेला होता ते."

अक्काला आनंद झाला. म्हणाली, "सांगते की. सुरुवातीपासून आजपर्यंत सगळं सांगते."

भाऊ म्हणाले, "आजपर्यंत कामून? पुढं ते मुसलमान झाले. तिथं थांब की. पौर्णिमेचा कार्यक्रम आहे."

अक्कानं कप खाली ठेवला. "मिलिंद, मी माणसांचं सांगायले. माणसं तिथं थांबली न्हाईत, तर मी कशी थांबू?"

"तू विहारात बोलायलीस, कॉलेजात न्हाई."

"मग विहारात अर्धं सांगायचं असतंय का?"

भाऊ चिडले. ते म्हणाले की तू हट्टी आहेस. ती म्हणाली की तू बोलवायला आलास, आता अटी घालायलास. शेवटी भाऊ उठले. "मग राहू दे तुझं व्याख्यान." दारापर्यंत गेले आणि चपला घालून निघून गेले. अक्का बसून राहिली. मला म्हणाली, "तुला काय वाटतंय?" मी म्हणाले, "अक्का, एका दिवसापुरतं थांबलीस तर काय बिघडतंय? भाऊ आहे तुझा." तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भाऊ आहे म्हणून तर थांबत न्हाई. परक्याला अर्धं सांगितलं असतं एकवेळ."

त्या वर्षी व्याख्यान झालं न्हाई. बहीणभाऊ बोलेनासे झाले. एकाच गल्लीत घरं. ती बाजारातून येताना त्यांच्या दारावरून मान वळवून जायची, आणि घरी येऊन मला विचारायची, "मिलिंदचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे गं?"

पुढच्या वर्षी काय झालं? विहारातल्या बायका उठल्या. ह्यातल्या बऱ्याच जणी आज इथं आहेत. त्या अध्यक्षांकडं गेल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला अक्काचं ऐकायचंय. सगळं ऐकायचंय. जेवढं तिला येतंय तेवढं." मिलिंदभाऊ अध्यक्ष होते, पण त्या बायकांमध्ये त्यांची बायकोही होती. व्याख्यानासाठी विहार उघडला. भाऊ आले, आणि मागं, चपला काढतात तिथं जाऊन बसले.

मंडळी, मी जन्मभर भाषणं ऐकली. तसं पुन्हा ऐकलं न्हाई.

अक्का सुरू झाली. म्हणाली, हे उइघूर पहिलं गवताळ रानातले घोडेवाले. एका नदीकाठी त्यांच्या खानाची राजधानी होती. चीनच्या सम्राटावर बंड उठलं तेव्हा त्यानं ह्यांच्याकडं हात पसरले, आणि ह्यांच्या घोडेस्वारांनी त्याचं तख्त वाचवलं. त्यांच्याच एका खानानं इराणकडून आलेला मानीचा धर्म घेतला. उजेड आणि अंधाराच्या भांडणाचा धर्म. पुढं किरगिझ चालून आले, राजधानी जाळली, लोक पांगले. दुसरे कुणी असते तर संपले असते. हे तुर्फानला आले, वाळवंटात, आणि तिथं परत राज्य उभं केलं. त्यांच्या राजाला 'इदिकुत' म्हणायचे. या इदिकुतांच्या राज्यात बुद्धाची लेणी रंगली, ग्रंथ भाषांतरित झाले. मग चंगीझ खानाचं वादळ उठलं. इदिकुत स्वतःहून त्याच्याकडं गेला. लढाई न होता राज्य मांडलिक झालं.

एक म्हातारी मधेच म्हणाली, "म्हणजे हरले की गं."

अक्का म्हणाली, "मावशी, मोंगलांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी लिपी घेतली ती ह्यांचीच. कारभारी, शिक्षक घेतले तेबी ह्यांचेच. अर्ध्या जगाचे हुकूम ह्यांच्या अक्षरात निघायले. राज्य मांडलिक झालं, पण अक्षर राज्य करायलं."

आणि मग ती थांबली. बरोबर तिथं, जिथं भाऊंनी तिला थांब म्हटलं होतं. पाणी प्यायली. आणि पुढं निघाली.

पश्चिमेला काशगरच्या राजांनी आधीच इस्लाम घेतला होता, ते सांगितलं. त्यांनी खोतानचं बौद्ध राज्य जिंकलं, तेही लपवलं न्हाई. काही शतकांनी तुर्फानही मुसलमान झालं. मधल्या काळात 'उइघूर' हे नावच मागं पडलं, लोक स्वतःला गावावरून ओळखू लागले, आणि विसाव्या शतकात त्यांनी ते जुनं नाव परत घेतलं. काही विद्वान म्हणतात की हे तेच लोक न्हाईत, तेही तिनं सांगितलं. मांचू सम्राट आले. मधे दोनदा ह्यांनी स्वतःचं प्रजासत्ताक उभं केलं, दोन्ही वेळा ते अल्पायुषी ठरलं. मग आजचं चीन सरकार. आणि आज? अक्का म्हणाली, "लाखो माणसं कोंडली गेली असं सुटून आलेले सांगतात. सरकार म्हणतंय, त्या प्रशिक्षणाच्या शाळा होत्या. मी तिथं गेले न्हाई. पण घरच्यांचा पत्ता लागंना म्हणून परदेशात रडणाऱ्या माणसांच्या साक्षी मी वाचल्यात. शाळेत गेलेल्या माणसाचा पत्ता घरच्यांना लागतो."

तेव्हा एक जण उठला. त्याचं नाव घेत न्हाई, चांगला माणूस आहे. म्हणाला, "अक्का, बुद्धाला सोडलं तवाच ते आपले राहिले न्हाईत. त्यांचं दुःख आपल्याला कामून सांगायलाव?"

अक्कानं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी सांगतो."

मिलिंदभाऊ उभे राहिले होते. भिंतीला धरून, गुडघा दुखत होता. म्हणाले, "आमच्या आजीनं धम्म घेतला तवा गावानं विहिरीवर हेच म्हटलं होतं. आता ही आमची न्हाई. आजी घरी येऊन म्हणाली होती, मी धर्म बदललाय, माणूस बदलला न्हाई. मी हे लहानपणी शंभरदा ऐकलंय. आणि गेल्या वर्षी मी माझ्याच बहिणीला त्या गावासारखं बोललो." मग अक्काकडं बघून म्हणाले, "अक्का, तू पुढं सांग."

अक्कानं फळ्याकडं तोंड केलं. पदरानं डोळे पुसले आणि खडू उचलला. आजच्या उइघूर अक्षरांत तीन शब्द लिहिले. दारात हमीदचाचा उभे होते, आत यावं की न्हाई अशा विचारात. अक्का म्हणाली, "चाचा, या. वाचा."

चाचा आत आले. चष्मा लावला. "नुक्ते थोडे अलग हैं," म्हणाले. आणि मग एकेक अक्षर लावत वाचलं, "दुनिया. किताब. दोस्त." आणि आपले आपणच हसले. "अरे, ये तो अपनेच लफ्ज हैं!"

अख्ख्या विहारानं ते तीन शब्द चाचांच्या मागून म्हटले. दुनिया. किताब. दोस्त. आपणच बोलतो ते शब्द. बाजारात, बसमध्ये, घरात.

मंडळी, आपला हा मुलूख निजामाचा होता, मग हैदराबाद राज्याचा, मग म्हैसूरचा, मग कर्नाटक झालं. माझ्या आजोबांनी घराचा उंबरा न सोडता एवढी सरकारं बघितली. राजा बदलला म्हणजे माणसाच्या आत काय बदलतं आणि काय बदलत न्हाई, हे आपल्याइतकं कुणाला कळावं? अक्काला ते कळलं होतं. म्हणून हजारो कोस लांबच्या माणसांची ती इथं बसून जबाबदारी घेऊ शकली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सत्कार केला न्हाई. तिचं काम ओळखणारे परदेशात चार-दोन असतील. पण आज भालकीच्या विहारातल्या शेतमजूर बाईला इदिकुत कोण ते माहीत आहे. हे दुसऱ्या कुठल्या गावात असेल तर मला दाखवा.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसत होते. किडन्या थकल्या होत्या, पण डोकं लखलखीत. एकदा म्हणाली, "गिरिजा, त्यांचं पुढं काय झालं, ते मला कळणार न्हाई आता." मी म्हणाले, "मी बघेन, अक्का." ती म्हणाली, "तू कन्नडची. तुला जमंल का?" आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यानं तिला धाप लागली आणि मिलिंदभाऊंनी मला रागावून बाहेर काढलं.

मी रोज बातम्या बघायले. जमंल तसं बघायले.

आता आपण एक मिनिट शांत उभं राहू या. एक विनंती आहे. शोकसभेत आपण मान खाली घालतो. आज घालू नका. जिनं कुणापुढं अर्धं सांगितलं न्हाई, सख्ख्या भावापुढंसुद्धा न्हाई, तिच्यासाठी उभं राहायलोत आपण. मान वर ठेवा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण मान वर ठेवा.

उठा मंडळी.

रत्नाक्का, जय भीम.